पेटीवरची नोट आता फोनवर: भजनवाल्यांनी ऑनलाइन बक्षीस कसं घ्यावं

डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, गजर टिपेला पोचला की गर्दीतून एखादे काका उठतात. चपला काढून स्टेजवर चढतात, पेटीवर शंभराची नोट आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवतात आणि बुवांच्या कानाशी लागून नाव सांगतात. बुवा हाताच्या इशाऱ्यानेच पखवाज थांबवतात आणि माईकवर जाहीर करतात, "अमुक वाडीचे अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये, मातोश्रींच्या स्मरणार्थ." टाळांचा गजर होतो, काका खुशीत खाली उतरतात.

तेच काका हल्ली आपलं भजन यूट्यूबवर ऐकतात, व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलतात आणि विचारतात, "बुवा, काय द्यायचं झालं तर कुठे द्यायचं?" मी राहतो भांडुपला. दिवसा फोर्टमधल्या एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघतो आणि रात्री पेटी काढून अभंग-गवळणींच्या चाली रेकॉर्ड करतो. ऐकणारे बहुतेक आपले चाकरमानी. हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय, आणि आता इतर बुवाही विचारतात, की सगळं एकदाच लिहून टाकतो. तुम्ही भजनवाले नसाल, चित्रं काढत असाल, कविता वाचत असाल, तरी यातलं बरंच कामाला येईल.

आधी खातं वेगळं

पगाराच्या खात्यावर बक्षीस घेऊ नका. दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं काढा आणि सगळं तिथेच येऊ द्या. हिशेब स्वच्छ राहतो हे एक कारण. खरं कारण वेगळं आहे. तुम्हाला पैसे पाठवणारा माणूस तुमच्या ओळखीचा नसतो. त्याने ते पैसे कुठल्या फसवणुकीतून आणले असतील आणि ज्याचे गेले त्याने 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, तर पैशाचा माग काढत काढत गोष्ट तुमच्या खात्यापर्यंत येते. मग बँक तेवढी रक्कम, कधी अख्खं खातंच, रोखून धरते. तुमचा दोष काडीचा नसतो, पण सुटायला वेळ लागतो. त्या खात्यावर घराचा हप्ता असेल तर एकशे एक रुपयांच्या बक्षिसापायी हप्ता चुकायचा. दर महिन्याला बऱ्यापैकी रक्कम येऊ लागली की बँकेत विचारून चालू खातं काढा. पहिल्या दिवसापासून त्याची गरज नाही.

यूपीआय आयडी घेताना

खातं झालं की त्याला यूपीआय जोडा. 2016 साली आलेली ही सोय आपल्या कामाला इतकी चपखल बसते की बाकीच्या भानगडी नंतर बघितल्या तरी चालतात. देणाऱ्याला खर्च नाही, आपल्याला कमिशन नाही, एकावन्न पाठवले की एकावन्नच येतात.

मात्र बऱ्याच अॅपमध्ये आपोआप मिळणारा आयडी म्हणजे तुमचा मोबाइल नंबरच असतो. तो जाहीर केलात तर रात्री साडेअकराला "बुवा, ती चाल काळी चारमध्ये घेतली की पांढरी पाचमध्ये?" असे फोन येतात, आणि कर्ज हवंय का विचारणारेही. अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन नावाचा वेगळा आयडी बनवा. इंग्रजी अक्षरांतच बनतो, म्हणून असा निवडा की फोनवर तोंडी सांगितला तरी समोरच्याला लिहिता यावा. मध्ये टिंबं आणि आकडे नकोत. बनवल्यावर गावच्या आत्याला फोन करून सांगून बघा. तिने बरोबर लिहून घेतला तर आयडी पास.

आणखी एक. पैसे पाठवणाऱ्याला स्क्रीनवर तुमचं बँकेतलं नाव दिसतं. लोक तुम्हाला "भांडुपचे बुवा" म्हणून ओळखतात आणि तिथे आडनावासकट भलतंच नाव येतं, की माणूस बिचकतो आणि मागे फिरतो. म्हणून आयडीखाली एक ओळ लिहाच: "पैसे पाठवताना अमुक अमुक हे नाव दिसेल, ते माझंच." बायकोच्या किंवा भावाच्या खात्यावर घेत असाल तर ही ओळ जास्तच गरजेची. खरं तर तसं घेऊ नकाच, पुढे आयकराच्या वेळी गुंता होतो.

क्यूआर आणि तो दाखवायचा कुठे

क्यूआर आपल्या यूपीआय अॅपमधूनच उतरवून घ्या. फुकटात रंगीत क्यूआर बनवून देणाऱ्या साइट असतात, त्यातल्या काहींचा क्यूआर आधी त्यांच्या दुव्यावर जातो आणि काही दिवसांनी बंद पडतो. तोवर तुम्ही तो बॅनरवर छापलेला असतो. रक्कम कोरी ठेवा. क्यूआरच्या मध्यभागी विठ्ठलाचा फोटो चिकटवू नका आणि भोवतीची पांढरी कड कापू नका, ती नसली तर कॅमेऱ्याला क्यूआर सापडत नाही. मग तीन वेगवेगळ्या अॅपवरून एकेक रुपया पाठवून बघा.

आता खरी अडचण. आमच्या चाळीतले एक काका माझा व्हिडिओ बघत होते. शेवटी क्यूआर आला तसा त्यांनी फोन उलटा केला, पालटा केला, मग हात लांब करून धरला आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "बुवा, ह्येका स्कॅन कसो करू? तो फोनातच आसा!" काकांचं बरोबर होतं. ज्या फोनवर बघायचं त्याच फोनने तो फोन स्कॅन कसा करणार? स्क्रीनशॉट काढून यूपीआय अॅपच्या स्कॅनरमध्ये गॅलरीतून उघडता येतो, पण हे आपल्या ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत नाही आणि उरलेल्यांना त्याचा कंटाळा.

म्हणून जागेनुसार वेगळी सोय करा. व्हिडिओत क्यूआर ठेवा तो टीव्हीवर बघणाऱ्यांसाठी. हल्ली घरोघरी संध्याकाळी टीव्हीवरच यूट्यूब लागतं आणि अख्खी भजनी मंडळं टीव्हीसमोर बसून चाल बसवतात. त्यांच्यासाठी शेवटी अर्धा मिनिट तरी क्यूआर स्थिर राहू द्या, माणसाला चष्मा शोधायला वेळ लागतो. फोनवाल्यांसाठी व्हिडिओच्या माहितीत पहिल्याच ओळीत आयडी लिहा. खाली "अधिक"च्या पोटात गेला की गेला. व्हॉट्सअॅपवर पाठवताना आयडी एकटा, वेगळ्या मेसेजमध्ये टाका. मजकुरात गुंडाळलात तर कॉपी करताना "राम कृष्ण हरी"सुद्धा सोबत जातं आणि अॅप म्हणतं आयडी चुकीचा. स्वतःचं वेबपान असेल तर त्यावर यूपीआयचं बटण ठेवता येतं. अँड्रॉइडवर ते दाबलं की कुठल्या अॅपने द्यायचं ते विचारतं. आयफोनवर ते कधीकधी भलतंच अॅप उघडतं, म्हणून बटणाखाली आयडीही लिहून ठेवा.

प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र छापील क्यूआरला तोड नाही. पेटीच्या पुढच्या अंगाला लावा, पोस्टकार्डाएवढा पुरे. स्टेजच्या मागच्या बॅनरवर मोठा छापला तर पाचव्या रांगेतलेही स्कॅन करतात, फक्त फ्लेक्सला चुणी पडता कामा नये.

गेटवे कधी, यूट्यूब कधी

रेझरपे, कॅशफ्री, इन्स्टामोजो यांसारख्या पेमेंट गेटवे कंपन्या तुमच्यासाठी पैसे घेण्याचं पान बनवून देतात. पॅन, बँक खातं, पत्ता द्यावा लागतो आणि पानावर संपर्क, परतावा वगैरेंची माहिती लिहावी लागते. कमिशन साधारण 2 टक्के आणि त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे शंभरातले 97 रुपये 64 पैसे तुमच्या हातात, तेही एकदोन कामाच्या दिवसांनी. कार्डाने देणारे असतील किंवा पावती आपोआप जायला हवी असेल तर याचा उपयोग. दरमहा ठरावीक रक्कम आपोआप कापली जाण्याची सोयही यात मिळते. यूपीआय ऑटोपेत 15,000 रुपयांपर्यंतचा हप्ता दर वेळी पिन न टाकता जातो आणि आदल्या दिवशी देणाऱ्याला सूचना येते. पण माझं स्पष्ट मत सांगतो, भजनाला महिनेवारी रुचत नाही. आपली माणसं आषाढीला, श्रावणात आणि गणपतीत सढळ हाताने देतात. पितृपक्षात कुणी विचारणार नाही. त्यांना हप्त्याला बांधू नका.

यूट्यूबचं सुपर थँक्स, म्हणजे व्हिडिओखालचं पैसे द्यायचं बटण, दिसायला छान, पण त्यातले 30 टक्के यूट्यूबकडे जातात. शिवाय ते सुरू व्हायला 500 सबस्क्रायबर, 90 दिवसांत 3 व्हिडिओ आणि वर्षभरात 3,000 तास बघितलेलं असावं लागतं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 30 लाख व्ह्यूज). मिळालं तर चालू ठेवा, त्यासाठी अडून बसू नका.

इथेच एक गोष्ट. तुकोबांचा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, पण गजर आपण सर्रास सिनेमाच्या चालीवर घेतो. स्टेजवर ते खपून जातं. यूट्यूबवर त्या चालीच्या मालकाचा दावा येऊ शकतो. ज्या व्हिडिओवर बक्षीस मागणार आहात त्यात चाल स्वतःची किंवा पारंपरिक घ्या.

परदेशातून

आखातातल्या पुतण्याला द्यायचं असेल तर आधी त्याला विचारा, भारतात एनआरई किंवा एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं बँक खातं) आहे का. असेल तर यूएई, कतार, ओमान, सौदी, ब्रिटन, अमेरिका अशा काही देशांच्या मोबाइल नंबरवरही त्या खात्याला यूपीआय जोडता येतं. मग तो भांडुपच्या शेजाऱ्यासारखाच पाठवतो, प्रश्न मिटला.

नसेल तर पेपाल. भारतातल्या भारतात पेपालने पैसे घेणं 1 एप्रिल 2021 पासून बंद आहे, परदेशातून घेता येतात. त्यासाठी पॅन, बँक खातं आणि पैसे कशाचे आहेत तो पर्पज कोड भरावा लागतो. छोट्या रकमेत कमिशन खूप खातं, तेव्हा परदेशातल्यांना चारदा थोडं पाठवण्यापेक्षा वर्षातून एकदा काय ते पाठवा म्हणावं. कलाकारांना पैसे देण्याच्या को-फी वगैरे साइटची नावं तुम्ही ऐकली असतील. त्याही पैसे पोचवायला पेपाल किंवा स्ट्राइपवरच अवलंबून, आणि स्ट्राइप भारतात सरसकट सगळ्यांना नवं खातं देत नाही.

परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, सुद्धा ध्यानात असू द्या. नोंदणीकृत वर्तमानपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक आणि सरकारी नोकर यांना परदेशी देणगी घ्यायला त्यात मनाई आहे. व्यवहारात घेतलेली कामाची फी वेगळी. म्हणून परदेशातून पैसे येणार असतील तर ते कशाबद्दल, हे कागदावर दिसू द्या: चाल बसवून दिली, शिकवणी घेतली, रेकॉर्डिंग पाठवलं. आपल्यात महापालिका, बेस्ट, रेल्वेत असलेले बुवा पुष्कळ. त्यांनी देशातलं बक्षीस घेण्यापूर्वीसुद्धा आपापल्या खात्याचे वर्तणूक नियम बघावेत आणि लागेल तिथे लेखी परवानगी घ्यावी.

मागायचं कसं

इथे लोक सगळ्यात जास्त अडतात. लाज वाटते, मग लाजेपोटी काहीतरी गोलमाल लिहितात: "आमच्या कलेला आपलं पाठबळ लाभावं ही नम्र विनंती." हे वाचून खिशात हात कुणाचाच जात नाही. कशाला हवेत ते लिहा. माझा एक मजकूर असा होता:

"पेटीचे सूर उतरलेत आणि भाताही हवा सोडतोय. दोन्ही कामांना 3,500 रुपये लागतील. चाल आवडली असेल तर 21, 51, 101, जमेल ते पाठवा. नाही पाठवलंत तरी पुढची गवळण येतेच आहे."

शेवटची ओळ मुद्दाम. फुकट ऐकणाऱ्याला ओशाळं वाटू देऊ नका. आज तो फुकट ऐकतो, उद्या आपल्या मंडळाला ऐकवतो. आकडे आपल्या पद्धतीचेच द्या. "किमान 100" असं लिहिलं की एकवीस देणारी आजी गप्प बसते, आणि एकवीस देणाऱ्याच जास्त असतात.

वेळ पाळा. कीर्तनातही आरतीचं तबक शेवटी फिरतं, नमनाला नाही. व्हिडिओ सुरू होताच क्यूआर दाखवला तर माणूस सूर लागायच्या आधी निघून जातो. गजर संपला, टाळ थांबले, की तेव्हा सांगा, दोन वाक्यांत. बाराव्याच्या भजनाचं रेकॉर्डिंग टाकत असाल तर त्यावर क्यूआर अजिबात नको. एरवी दर व्हिडिओत मागितलं तरी चालतं, फक्त दर वेळी रडगाणं नको.

नाव घेणं विसरू नका. स्टेजवर काका वर चढतात ते नाव पुकारलं जावं म्हणून, त्यात काही वावगं नाही. पैसे पाठवताना टिपेच्या रकान्यात नाव आणि गाव लिहायला सांगा. कुणाच्या स्मरणार्थ असेल तर तेही, आणि नाव नको असेल तर "नाव नको". पुढच्या व्हिडिओच्या शेवटी ती नावं वाचा. मृत व्यक्तीचं नाव वाचायच्या आधी पैसे पाठवणाऱ्याला मेसेज करून एकदा पक्कं करून घ्या. "कै." राहिलं किंवा नाव चुकलं तर घरच्यांना लागतं. रक्कम मात्र मी वाचत नाही. स्टेजवर रकमेवरून दोन वाड्यांत चढाओढ लागते आणि त्याची मजाही येते. ऑनलाइन एकवीस रुपयेवाली आजी पाचशे एकच्या शेजारी ऐकून पुढच्या वेळी हात आखडते. आणि कोणी किती दिले ते दाखवायला खात्याचा स्क्रीनशॉट टाकू नका. त्यात लोकांचे मोबाइल नंबर असतात.

साथीदारांचं आधीच ठरवा. पखवाजवाले, झांजवाले, कोरस, कुणाला किती वाटा, की सगळं साहित्यासाठी ठेवायचं? पैसे येऊ लागल्यावर हा विषय काढलात तर डबल सोडा, एक बारीही उभी राहणार नाही. मंडळाच्या किंवा देवळाच्या नावाने गोळा करायचं असेल तर तुमचं खातं चालणार नाही. मंडळ नोंदणीकृत हवं, खातं मंडळाचं हवं. नोंदणी नसेल तर वर्गणीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते.

फसवणारे

पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. "पाचशे एक पाठवतोय, फक्त पिन टाका" म्हणणारा चोर समजा. दुसरा प्रकार: "चुकून 5,001 गेले, 4,500 परत करा," सोबत स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट कुणीही बनवतो, खात्यात काय आलं ते बघा. खरोखर आले असतील तरी स्वतःहून दुसऱ्या नंबरवर परत पाठवू नका. त्याला त्याच्या बँकेतून तक्रार करायला सांगा, तुम्ही तुमच्या बँकेला कळवा. पैसे चोरीचे असतील तर परत पाठवणारे तुम्ही मधल्यामध्ये अडकता.

हिशेब

"बक्षीस म्हणजे गिफ्ट, त्याला कसला टॅक्स?" हे मी ऑफिसातही ऐकतो. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षात मिळालेल्या भेटींची बेरीज 50,000 रुपयांच्या वर गेली की ती सगळीच करपात्र होते. आणि आपल्याला मिळतं ते आपण वाजवतो म्हणून, वारंवार, जाहीरपणे मागून. ते कामाचं उत्पन्नच समजा आणि विवरणपत्रात पहिल्या रुपयापासून दाखवा. घाबरायचं कारण नाही, त्यातून खर्च वजा होतो: पेटीची दुरुस्ती, माईक, स्टुडिओचं भाडं. मात्र बिलं हवीत. दुरुस्ती करणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना, तारीख आणि सही घ्या. सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणी साधारणपणे वर्षाला 20 लाखांच्या वर गेल्यावर लागते. तिथवर पोचलात तर मला पेढे द्या. आणि "देणगी" लिहून देणाऱ्याला आयकरात सवलत मिळेल असं कुणाला सांगू नका, ती नोंदणीकृत संस्थांची गोष्ट आहे.

वही किंवा एक्सेल, काहीही चालेल. तारीख, नाव, गाव, रक्कम, नाव वाचलं का, आभाराचा मेसेज गेला का. दर रविवारी खात्याशी ताळा करा. ठरवलेल्या कामाची रक्कम जमली की मागणी त्याच दिवशी काढून टाका आणि तिच्या जागी लिहा: इतके जमले, इतके लागले, उरलेले पुढच्या रेकॉर्डिंगला. दुरुस्त झालेल्या पेटीवर दोन मिनिटं वाजवून तो व्हिडिओ देणाऱ्यांना आधी पाठवा, मग सगळ्यांसाठी टाका. नवी गरज निघेपर्यंत खाली नुसता आयडी राहू दे.